उजवीकडचं पान

सिगडी जवळ ओढा रे पोट्टेहो, अन् तो ट्रान्झिस्टर बंद करा. हे काही ऐकीव नाही सांगून राहिलो मी. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधले आपले कृष्णराव, त्यांच्या घरची गोष्ट आहे. त्यांनी स्वतः मले सांगितली, अन् सांगताना हातातली कपबशी अशी वाजत होती की शेवटी मीच काढून खाली ठेवली.

१९८६ साल. तीस डिसेंबर, मंगळवार, अन् वरून अमावस्या.

कृष्णरावांची बायको वसुंधरा त्या दिवशी दुर्गला गेली. काम साधंच होतं. थंडी वाढली होती, लेकीसाठी रजई भरून आणायची होती. दुर्ग तिचं माहेर. मायबाप गेले, घर विकलं गेलं, पण जुन्या बाजारातला पिंजारी ओळखीचा होता. तो कापूस पिंजून राहिला होता तोवर ती शेजारच्या रद्दीवाल्यापाशी उभी राहिली. अन् तिथं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दबलेलं, तिले ते पुस्तक दिसलं.

मराठी कादंबरी. निळं कव्हर, त्यावर होडी. नाव मी घेत नाही. रात्रीचं तं नाहीच नाही.

वसुंधरा चौदा वर्षांची होती तेव्हा ह्या पुस्तकानं तिले वेड लावलं होतं. तिले अन् रत्नमालेले. रत्नमाला म्हणजे शेजारची पोरगी, जिवाची मैत्रीण. पुस्तक एक अन् वाचणाऱ्या दोघी. म्हणून त्यांनी एक रीत पाडली. डावीकडचं पान वसुंधरानं मोठ्यानं वाचायचं, उजवीकडचं रत्नमालेनं. अशी पानागणिक कादंबरी पुढं सरकत होती. शेवटचा भाग तेवढा उरला, अन् रत्नमालेले मुदतीचा ताप आला. तापातच तिनं वसुंधराचा हात धरला. "माह्याशिवाय शेवट वाचशीन तं माही आन आहे तुले."

आठवड्याच्या आत पोरगी गेली. वसुंधरानं शेवट कधीच वाचला नाही.

आता पुस्तक हातात आलं, अन् तिचं मन पोरीसारखं झालं. रिक्षात बसल्याबसल्या तिनं चार पानं वाचूनही काढली.

रात्री कृष्णराव नाईट शिफ्टले गेले. वैजयंती, त्यांची अकरा वर्षांची लेक, नव्या रजईत शिरली अन् लगेच झोपली. वसुंधरा पलंगापासून जरा दूर खुर्ची ओढून, दिव्याखाली बसली. काय सांगू, सुरुवातीले मोठा आनंद झाला तिले! कोणतं वाक्य पानावर कुठं आहे तेही आठवत होतं. कुठं दोघी हसल्या होत्या, कुठं रडल्या होत्या, सगळं आठवत होतं. शेवटाआधी थांबायचं असं तिनं ठरवलं होतं.

पण वाचणाऱ्याचं ठरवणं ते किती! शेवटचा भाग आला. तिनं मनाशी म्हटलं, लहानपणची आन ती. इतकी वर्षं झाली. कोण बसलंय हिशेब धरून?

जुन्या सवयीनं ती हलक्या आवाजात, तोंडानं वाचू लागली. डावीकडचं पान संपलं. तिनं दम घ्यायले तोंड मिटलं.

अन् पाठीमागून पुढचं वाक्य आलं.

"वैजू? जागी आहेस का तू?"

वाचणं चालूच. उजवीकडचं पान, शब्दन्‌शब्द. वसुंधरानं पुस्तकात पाहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. मग तिनं मान वळवली.

वैजयंती उताणी झोपली होती. डोळे बंद. ओठ तेवढे हलत होते.

आता ऐका. ही पोरगी हिंदी शाळेतली. आपल्या इथल्या सगळ्या पोरांसारखी 'बाल' म्हणणार, 'बाळ' नाही. ळ तिच्या जिभेवर कधी बसलाच नाही. अन् तिच्या तोंडून जुनं, पुस्तकी मराठी येत होतं. झऱ्यासारखं. प्रत्येक ळ स्वच्छ. अन् आवाज...

आवाज तिचा नव्हता.

पान संपलं. ओठ थांबले. मग हळूच, लाडात, "आता तू."

वसुंधराच्या हातून पुस्तक पडलं. ती पलंगाकडं धावली, लेकीले गदागदा हलवलं. "वैजू! ऊठ ना बाई! वैजू!"

पोरगी उठेना. अन् मग वसुंधराच्या ध्यानात आलं... रजई वरखाली होत नव्हती. नाकाशी बोट धरलं. काहीच नाही. हात लावला तं गाल गार. ओठ निळे पडू लागले. भिंतीपलीकडं सिंधुताई राहत होत्या. हाक मारावी म्हणून ती भिंतीकडं वळली, तेवढ्यात...

"आता तू," बंद ओठांतून आलं. श्वास नाही, पण शब्द आले.

तिनं पुस्तक उचललं. डावीकडचं पान वाचायले लागली. पहिलं वाक्य... दुसरं...

वैजयंतीनं श्वास घेतला.

मग काय करणार ती माय? वाचत राहिली. एक पान तिनं. एक पान... तिनं. जरा थांबली की पोरीचा श्वास थांबे. पाणी प्यायले उठता येईना. गोष्टीत काय होत होतं, कोण मेलं, कोण भेटलं, काही कळत नव्हतं. नजर एकदा पानावर, एकदा रजईवर.

शेवटचं पान डावीकडचं होतं. उजवीकडं कोरं.

"संपलं," वसुंधरा म्हणाली.

पुस्तक मिटलं, तसा पलंगावरून आवाज आला.

"छान होतं नाही का गं?"

"...हो."

"वसू, दुसरं पुस्तक आन ना."

वसुंधराचे डोळे भरून आले. भीतीनं म्हणा, मायेनं म्हणा. तिनं हात जोडले. "नाही रत्ने. आता नाही जमत मले. मी लेकरावाली झाली गं. तू जा आता."

घड्याळाची टिकटिक. बाहेर कुत्रंही नाही.

"बरं," आवाज आला. "मंग हिच्यासंग वाचीन."

वैजयंती कुशीवर वळली अन् रोजच्यासारखी घोरायले लागली.

सकाळी कृष्णराव आले तं बायको खुर्चीत तशीच, पुस्तक छातीशी. तिनं सगळं सांगितलं. ते कारखान्यातले माणूस, पहिले हसले. पण मग तिचं तोंड पाहिलं. पुस्तक घेतलं अन् पेटत्या बंबात घातलं. ते इतर कागदासारखंच जळलं. तेवढ्यात वैजयंती उठली. "मम्मी, आज स्कूल है क्या?" म्हणाली अन् ब्रश घेऊन मोरीकडं गेली. चेहरा फुलासारखा. कृष्णरावले वाटलं, सुटलो.

ते पलंग आवरायले गेले. रजई उचलली.

वैजयंती जिथं झोपली होती, त्याच्या बाजूले, गादीवर दोन खळगे होते. लहान, खोल. पालथं पडून, हनुवटी तळहातावर टेकवून पुस्तक वाचतात ना पोरी, तशा कोपरांचे.

"तू इथं लेटली होतीस का?" त्यांनी विचारलं.

"मी तं रातभर खुर्चीतून हलली नाही," वसुंधरा म्हणाली.

कृष्णरावांनी हातानं गादी थापटली. सारखी केली. चादर ताणून चारही कडा खाली खोचल्या. अन् रजईची घडी करायले वळले.

परत पाहतात तं...

चादर दबत होती.

हळूहळू. आधी एक खळगा.

मग दुसरा.