बोगद्यातला हुंकार

कर्ण्यांमधून आधी नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज येई. "हूंऽऽऽ..." आता कोणीतरी बोलणार, असं वाटे. पण बोलत कोणीच नसे.

ही गोष्ट सन २०६१ मधली. भैरवखोरे वीजकेंद्र डोंगराच्या पोटात होतं. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आतले चार बोगदे काळेकुट्ट आणि गार. वरच्या तलावातलं पाणी या बोगद्यांतून सोडायचं आणि त्यावर वीज करायची. पाणी सोडण्याआधी दहा मिनिटं सूचना होई, "पाणी सुटतंय, बाहेर या." इतक्या खोल दगडात फोन चालत नव्हता. त्यामुळे आतल्या माणसांचा सगळा भरवसा त्या कर्ण्यांवर.

एकतीस वर्षं ही सूचना इरावतीचे आजोबा देत. माइक सुरू केला की आधी ते "हूं" करून घसा साफ करत, मग बोलत. भाद्रपदात आजोबा गेले. आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसापासून कर्ण्यांतून तो हुंकार येऊ लागला. दुपारी तर फारच. धीट म्हणवणारे कामगारसुद्धा कर्ण्याखालून जाताना मान खाली घालून जात. "म्हाताऱ्याला काहीतरी सांगायचं राहिलंय," असं ते म्हणत.

इरावतीला भीती वाटे, पण खरं सांगायचं तर तो आवाज तिला हवासाही वाटे. आजोबा पूर्ण गेलेले नाहीत, असं वाटायचं ना त्यामुळे!

दिवाळीच्या सुट्टीत ती नियंत्रण कक्षात बसली होती. आई तिसऱ्या बोगद्यात जाळ्या साफ करायला गेली होती. इतक्यात शहरातून कानोबा आला. कानोबा हा दोष शोधणारा यंत्रमानव. कान सहा, हात एकही नाही.

"मला एक मदतनीस लागेल," तो म्हणाला.

"इरा आहे की," केंद्राच्या प्रमुख पाटणकर मॅडम म्हणाल्या. "आणि लवकर आटपा. आज पाणी चारला नाही, साडेतीनलाच सोडायचंय. तीन वीसला सूचना द्यायची आहे."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

"हा आवाज माझ्या आजोबांचा आहे," इरावती हळूच म्हणाली.

कानोबा हसला नाही. "असेलही. आपण विचारून बघू. सगळ्या बोगद्यांत येतो का?"

"तिसऱ्यातलं माहीत नाही. बाकी सगळीकडे येतो."

"म्हणजे दोष एखाद्या कर्ण्यात नाही, सगळ्यांना आवाज पुरवणाऱ्या जागी आहे. आता अ‍ॅम्प्लिफायरवरचं (बारीक आवाज मोठा करणाऱ्या पेटीवरचं) माइकचं बटण शून्यावर आण."

इरावतीने बटण फिरवलं. हुंकार विरत विरत थांबला.

"म्हणजे तो बटणाच्या आधीच कुठेतरी आत शिरतो. आता बटण पूर्ववत कर आणि माइकच्या टेबलावरच्या यंत्राकडून येणारी केबल काढ."

केबल काढली. पुन्हा शांतता. केबल लावली, की "हूंऽऽऽ."

"सेकंदाला बरोबर पन्नास थरथरी," कानोबा म्हणाला. "तुमच्या घरातली वीजही सेकंदाला पन्नास वेळाच मागेपुढे होते. माणसाचा घसा इतका काटेकोर नसतो, इरावती. हे माइकचं यंत्र कुठल्या बोर्डाला जोडलंय?"

पाटणकर मॅडम ओशाळल्या. "पूर्वी पेटीच्याच बोर्डाला होतं. खंडेनवमीला माइकची पूजा केली ना! दिव्यांची माळ लावायला तिथला सॉकेट हवा होता, म्हणून या यंत्राची पिन दाराजवळ, पंपांच्या बोर्डात घातली. माळ काढायची राहूनच गेली."

यंत्रांना हळदकुंकू वाहताना कोणाच्या मनात येतं हो, की आपण यंत्रालाच छळतोय!

"प्रत्येक बोर्डाला अर्थिंग असतं (चुकून फुटलेली वीज जमिनीत नेणारी तार)," कानोबाने समजावलं. "दोन टाक्या नळीने जोडल्या आणि एकीत पाणी जरा वर असलं, तर काय होईल?"

"दुसरीकडे वाहील."

"इथे दोन अर्थिंगांची पातळी सारखी नाही. माइकची केबल झाली मधली नळी. तिच्यातून थोडीशी वीज वाहते आणि पेटी तिलाच आवाज समजून मोठा करते. दुपारी पंप चालतात, तेव्हा फरक वाढतो. पण अर्थिंग कधीही तोडायचं नाही हं, त्याने जीव वाचतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डाला लावायची, बस."

मॅडमनी दोन्ही यंत्रं बंद करून पिन जुन्या जागी लावली आणि ती पुन्हा सुरू केली. हुंकार गेला. डोंगर इतका गप्प झाला, की इरावतीला रडूच आलं.

"आता कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारांच्या चारही ओळी तपासू," कानोबा म्हणाला. "मी तारेतून हलकी खूण पाठवतो. टोकाला कर्णे असले तर ते थोडी वीज घेतात. पहिली ओळ, ठीक. दुसरी, ठीक. तिसरी..."

तो थांबला. सहाही कान वळले.

"तिसऱ्या ओळीवर कोणीच नाही."

"म्हणजे?"

"तार तुटली आहे. तिथे सूचना पोचणारच नाही."

घड्याळात तीन सतरा झाले होते. "मॅडम, आई आत आहे!" इरावती किंचाळली. "तिला वाटतंय पाणी चारला सुटणार!"

मॅडमनी एका झटक्यात पाण्याचे दरवाजे कुलूपबंद केले आणि टॉर्च घेऊन स्वतःच बोगद्याकडे धावल्या.

पंचवीस मिनिटांनी आई आली. चिखलाने माखलेली, मागे तीन कामगार. इरावतीने तिला घट्ट मिठी मारली.

"तार मीच काढली," आई म्हणाली. "आज सकाळी. बाबा रोज बोलायला घ्यायचे आणि बोलायचेच नाहीत. मला सोसवेना गं. म्हटलं, घड्याळ बघून बाहेर येऊ."

इरावतीने तिला सगळं सांगितलं. दोन बोर्ड, दोन टाक्या, मधली नळी. आई शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे ते बाबा नव्हतेच."

"नव्हते," इरावती म्हणाली. हा एक शब्द उच्चारणं तिला फार जड गेलं.

तार जोडली गेली. कानोबा म्हणाला, "आता यापुढे या ओळी दर मिनिटाला स्वतःला तपासतील आणि एक जरी गप्प झाली तरी पाणी सुटणारच नाही, अशी सोय मी करून जातो. मग इतर केंद्रांतही करू. तिथेही मदतनीस लागतीलच."

तिसऱ्या बोगद्यातला कर्णा नीट ऐकू येतो का हे बघायला आई बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मॅडमनी माइक इरावतीपुढे सरकवला.

"पाणी सुटतंय, बाहेर या," इरावती म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला, पण चारही बोगद्यांत स्वच्छ घुमला.

बोगद्याच्या तोंडाशी भिंतीवर तारेचा फोन होता. त्यावरून आईचा आवाज आला, "शब्द न् शब्द ऐकू आला."

"भीती वाटली का गं?"

"नाही. तू बोलत होतीस ना."