विंगेतला ऑर्गन

"आज ऑर्गन विंगेत ठेवायचा," सदानंद म्हणाले, आणि सरोजचा तव्यावरचा हात थांबला.

"समोरच बरा आहे," ती म्हणाली.

"पुटपुटू नकोस. समोर पाहुणे बसायचेत."

कतारमधल्या दोह्याच्या मराठी मंडळाचा कोरस म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सदानंदांचा, जीव की प्राण. पण उम्म सईदच्या कारखान्यात कंप्रेसरशेजारी उभी हयात काढलेले त्यांचे कान आता विझत चालले होते, आणि हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं! गेल्या वर्षी घरी दोघंच असताना तिने वरचा षड्ज लावला, अगदी लख्ख लागला, पण त्यांना तो ऐकूच गेला नाही... आणि दुसऱ्याच दिवशी तालमीत सगळ्यांदेखत ते म्हणाले, "सरोजचा आवाज बसलाय. नाटकात नायिका नयना करील." एका वाक्यात ती स्वतःला सोडवू शकली असती. पण मग त्यांच्या हातून कोरस गेला असता, आणि या परमुलखात कोरसवाचून हा माणूस जगला कसा असता? तिने अपमान गिळला. त्यांच्यासमोर ऑर्गनवर बसून ती मानेने खुणा करी, आणि ते नकळत त्या खुणांवर हात उचलून कोरसला इशारा देत.

आज मात्र ती त्यांच्या पाठीमागे होती.

सभागृह भरलं. बाहेर वाऱ्याने धूळ उठवली होती, पत्रे थडथडत होते. तिसरी घंटा झाली. ऑर्गनने सूर द्यायचा, सदानंदांनी हात उचलायचा आणि पडद्याआड नांदी सुरू व्हायची, ही रीत. सरोजने सूर दिला.

हात उचलला गेला नाही.

ती भाता मारत राहिली. कोरस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पडद्याची दोरी धरलेला बशीर त्यांच्या खांद्याला हात लावून कुजबुजला, "भाऊ, यल्ला, चला, लोक थांबलेत."

सदानंद चिडून वळले. "सरोज, सूर दे ना!"

सूर तर वाजतच होता. त्यांची नजर तिच्या हलत्या पायांवर गेली, मग पट्टीवर दाबलेल्या बोटावर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जवळ येऊन त्यांनी ऑर्गनच्या लाकडावर तळहात टेकला. लाकूड थरथरत होतं.

"म्हणजे तुझा आवाज... बसला नव्हता?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बोलली का नाहीस गं? चारचौघांत मी तुला..."

"तुमचा कोरस गेला असता," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत, पण अर्थ पोचला.

त्यांनी डोळे पुसले. "बशीर, हात लाव. ऑर्गन पुढे घे. सरोज, नांदी तू उचल. आणि उद्यापासून कोरसही तुझाच."

सरोजने वरचा षड्ज लावला. सारं सभागृह तो ऐकत होतं. ज्याच्यासाठी ती गात होती, तो एकटाच नुसता तिच्याकडे बघत उभा होता.