पाय काढ गं

काम साधं होतं. दुरुस्त झालेलं विमान पलीकडच्या गावच्या वर्कशॉपमधून उडवत आणायचं. वीस मिनिटांचा रस्ता. मी आमच्या धावपट्टीवर बॅटरीचे दिवे मांडून उभा होतो. अठरा नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मिट्ट काळोख. वारा म्हणशील, तर पान हलत नव्हतं.

आणणारा होता मास्तर, आमच्या क्लबात विमान शिकवणारा. मी तिथला मेकॅनिक. त्याला चांगला ओळखून होतो, म्हणून सांगतो. थापा नाहीत या.

विमान दोन सीटचं. शिकणारा पुढे, मास्तर मागे. तिसरं बारकं चाक शेपटीखाली. असलं विमान आडव्या वाऱ्यात उतरलं, की शेपूट नाकाच्या पुढे धावायला बघते. पायाखालच्या पेडलांनी नाक सरळ धरावं लागतं. उलटा पाय पडला, की खेळ खलास.

त्या मार्चमध्ये एका शिंप्याची पोर शिकत होती. एकोणीस वर्षांची. भर आडव्या वाऱ्यात अशी अलगद उतरली, की सगळे टाळ्या वाजवायला लागले. मास्तर सोडून. दुसऱ्या खेपेला हेच विमान उलटलं. पोरगी जागीच गेली. मागे बसलेल्या मास्तरला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत म्हणाला, "तिनं उलटा पाय दाबला."

बाप येऊन त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "लेकीपायी तुमचं विमान मोडलं, साहेब. पोटात घाला."

आणि यानं... मोठ्या मनानं माफ केलं!

संध्याकाळी चहा पिता पिता मला म्हणतो, "पेडल दोन्ही सीटचे जोडलेले असतात. मीच दाबला जरा. फार हवेत होती, म्हटलं जमिनीवर आणावं."

काय रे, असा काय बघतोस? मी कुणाला सांगितलं का? नाही. गप्प बसलो. पुढचं ऐक.

तर मास्तर आला. तिन्ही चाकं एकदम टेकली. सुरेख. तेवढ्यात माझ्या हातातल्या वायरलेसवर त्याचा आवाज.

"पाय काढ."

मला वाटलं, मलाच म्हणतोय.

"पाय काढ गं... पाय..."

नाक उजवीकडे वळलं. वारा नाही. काही नाही. शेपूट गरकन फिरली. डावा पंख मातीत. उलटं.

मग शांत... वायरलेस चालूच. श्वास ऐकू येत होता.

दोघांचा.

मी धावलो. पुढची सीट रिकामी. मागे मास्तर, उलटा लटकलेला. डोळे उघडे.

"मास्तर, कोण होतं?"

जगला तो. कंबरेखाली लुळा. अकरा वर्षं खाटेवर. त्याचं कुणी नव्हतं, सगळं मीच केलं.

त्या रात्री डॉक्टरांनी त्याचा उजवा बूट कापून काढला. बुटावर एक ओरखडा नव्हता. आत, पावलाच्या वरच्या बाजूला, काळानिळा वळ. नाजूक टाच. पाच बोटं. कुणीतरी अनवाणी, सगळा भार देऊन उभं राहावं, तसा.

मार लागला की वळ आठ दिवसांत पिवळा पडतो. मी अकरा वर्षं त्याला अंघोळ घातली...

तो पिवळा पडला नाही.