युवराजांच्या खिडकीचे पडदे

"कोब, डोकं खाली घे. तुझे कान खिडकीतून दिसतायत," आफ्ये कुजबुजली.

"कान मोठे आहेत त्याला मी काय करू?" कोब पुटपुटला, पण बसला खाली. मागे आफ्येचा धाकटा भाऊ योप लाकडी बूट खडखडवत उभा होता. त्याला किती वेळा सांगितलं होतं की हेरगिरीला येताना बूट काढून ये. पण ऐकेल तो योप कसला.

सुट्टी लागल्यापासून तिघांना उद्योग नव्हता, आणि हेल्मर बेटावर बघण्यासारखं होतं तरी काय? मेंढ्या, समुद्राचं वाळत घातलेलं गवत आणि युवराज एगोन. महायुद्ध संपल्यावर आल्टेनफेल्सच्या लोकांनी आपल्या राजाला गादीवरून उतरवलं, तेव्हा हॉलंड सरकारने त्याच्या या मुलाला बेटावर आणून ठेवलं होतं. अट एकच होती, बेट सोडायचं नाही. सोडायचा नुसता प्रयत्न केला, तरी रवानगी दूरच्या एका किल्ल्याच्या भिंतींआड. युवराजांनी तसा शब्द दिला होता, आणि आताशा ते बायकांच्या बरोबरीने गवत उलथवायलाही येत.

आणि आता त्यांच्या खिडकीचे पडदे भरदिवसा बंद होते. हेल्मरवर रात्रीसुद्धा कुणी पडदे ओढत नाही. लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलंच पाहिजे. दिवसा पडदे बंद होतात ते घरात कुणी मरून पडलं असेल तरच.

"पण घरात ते एकटेच राहतात," आफ्ये म्हणाली, "आणि सकाळी मी त्यांना विहिरीवर पाहिलं. मेलेला माणूस पाणी भरत नाही."

"शनिवारच्या बोटीने एक अनोळखी माणूस आला होता," कोब म्हणाला. "येताना हातात मोठी पेटी, जाताना हात हलवत गेला. पेटीत काय असेल?"

"वेषांतराचे कपडे," आफ्ये म्हणाली. "ते पळून जाणार आहेत."

म्हणताना तिच्या पोटात गोड गुदगुल्या झाल्या, हे तिला पुढे कित्येक दिवस विसरता आलं नाही.

तिघं धावतच नगराध्यक्षांकडे गेले. रोज घरात जाऊन युवराजांना डोळ्यांनी पाहून यायचं काम हवालदार फेल्टमन यांचं होतं. पण ते समोरच्या खानावळीच्या बाकावर पाय पसरून बसलेले असत, हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. नगराध्यक्षांनी सगळं ऐकलं, भुवया उंचावल्या आणि लगेच हेगला सरकारकडे तार ठोकली. उत्तर आलं, बुधवारच्या बोटीने अधिकारी येतो, युवराजांना हलवू. "शाबास. डोळे असावेत तर असे," म्हणत त्यांनी आफ्येच्या हातावर बिस्किटांचा डबा ठेवला. त्या दिवशी आफ्येचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मंगळवारी आईने तिला धुरावलेल्या मासळीची टोपली देऊन युवराजांकडे पाठवलं. आफ्ये मागच्या दाराने आत गेली. बैठकीचं दार उघडं होतं. भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं, आणि आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला होता. खुर्चीवर नवाकोरा काळा कोट होता.

बंद घड्याळ आणि फिरवलेला आरसा म्हणजे काय, हे हेल्मरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आफ्येच्या हातातली टोपली जड झाली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"माझी आई," युवराज म्हणाले. बेटाची भाषा ते अजून अडखळत बोलत. "शनिवारी निरोप आला, हा कोटही आला. तिला मूठभर माती द्यायलाही मला तिकडे पाऊल टाकता येत नाही. गेल्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा वारले, तेव्हा तुम्ही लोक काय करता ते मी पाहून ठेवलं होतं. तसंच केलं. काही चुकलं का गं?"

"नाही," आफ्ये कशीबशी म्हणाली. "उद्या तुम्हाला नेणार आहेत?"

"हो, नगराध्यक्ष दारातून सांगून गेले. मी कारण नाही विचारलं. मला आजवर कुणी कारण सांगून कुठून हलवलेलं नाही."

कारण त्यांच्यासमोर उभं होतं. आफ्ये टोपली तिथेच टाकून पळाली, ती कोबला घेऊन थेट नगराध्यक्षांकडे.

नगराध्यक्ष मात्र ढिम्म हलेनात. "काल पोरांच्या सांगण्यावरून तार केली, आज पोरांच्याच सांगण्यावरून मागे घेऊ? हेगचे लोक मला वेड्यात काढतील. घरात दुखवटा असता तर फेल्टमनला दिसला नसता का? तो रोज आत जातो."

"नाही जात," कोब म्हणाला.

"तो म्हणतो जातो. तुझं ऐकू की हवालदाराचं?"

बाहेर येऊन कोब दगडांना लाथा मारत चालला. "आता काय?"

"आपल्यामुळे त्यांना किल्ल्यात टाकणार," आफ्ये म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. पळून जाणार असं मी म्हणाले." मग तिने नाक पुसलं. "फेल्टमनकाका आत जात नाहीत, हे त्यांच्याच तोंडून वदवायला हवं."

बुधवारी धक्क्यावर हेगचे साहेब उतरले. नगराध्यक्ष हॅट सावरत पुढे झाले, आणि फेल्टमन छाती काढून उभे राहिले. आफ्ये एकदम गोड आवाजात म्हणाली, "फेल्टमनकाका, तुम्ही रोज युवराजांच्या बैठकीत जाता ना?"

"रोज म्हणजे रोज. आजही जाऊन आलो," फेल्टमन साहेबांना ऐकू जाईल असं बोलले.

"मग त्यांचं मोठं घड्याळ पुढे जातं की मागे? योप म्हणतो मागे पडतं."

"तुझ्या योपला काय कळतंय? सकाळीच मी त्यावरून माझं लावून घेतलं. मिनिटाचा फरक नाही."

"साहेब," आफ्ये वळून म्हणाली, "आधी ते घड्याळ बघायला चला."

साहेबांना पोरीची गंमत वाटली असावी. सगळे गेले. बंद घड्याळ आणि पाठमोरा आरसा पाहताच नगराध्यक्षांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि हॅट खाली आली. साहेबांना त्यांनी हळू आवाजात काय ते सांगितलं. साहेबांनी फेल्टमनकडे फक्त पाहिलं, आणि फेल्टमन आपल्या बुटांकडे बघत राहिले. युवराजांना कुठेही हलवायचं नाही, हे तिथल्या तिथे ठरलं.

"हुशार आहे तुमची मुलगी," बाहेर पडताना साहेब धक्क्यावरून मागोमाग आलेल्या आफ्येच्या वडिलांना म्हणाले. "एका निरपराध माणसाला वाचवलं तिने." वडिलांची मान ताठ झाली. नगराध्यक्षांनीही तिची पाठ थोपटली. आफ्येला वाटलं, ही थाप पाठीवर नको, गालावर पडायला हवी होती.

कोब म्हणाला, "चल, सुटलो." पण आफ्ये एकटीच मागे फिरली.

"तुमच्याबद्दल नगराध्यक्षांना मी सांगितलं होतं," ती दारातूनच म्हणाली. "तुम्ही पळून जाणार म्हणून. आम्ही तुमच्या खिडकीखाली लपून ऐकत होतो."

युवराज म्हणाले, "ते तुम्ही होतात तर. लाकडी बुटांचा आवाज मी ऐकला होता. माझ्याकडे कुणीच भेटायला आलं नव्हतं ना, मला वाटलं, आलं कुणीतरी. मी उठून कॉफी ठेवली. कोट घातला आणि दाराशी उभा राहिलो."

आफ्येला हुंदका आवरेना. युवराजांनी तिला रडू दिलं. मग तिने लाकडी बूट काढून उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले, दुखवट्याच्या घरी ठेवतात तसे, आणि ती आत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"तुमच्या आईचं नाव काय होतं?" तिने विचारलं.