लायब्ररीतलं दूध

एप्रिलच्या दुपारी नागपुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा वेळी गोपिका इंदोऱ्याहून सायकलरिक्षाने लॉ कॉलेजच्या लायब्ररीत यायची. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारलेलं. आत शिरलं की आधी तो ओला वास यायचा, मग जुन्या कातडी बांधणीचा, मग डिंकाचा. साल त्र्याहत्तर, वकिलीचं शेवटचं वर्ष. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा कोणाकडे असावा, यावर एक लेख द्यायचा होता आणि त्याच्या मागोमाग परीक्षा. घरी चार महिन्यांची सुजाता होती.

आणि दूध आटलं होतं.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काळजी सोडा." काळजी म्हणजे काय चप्पल आहे, दाराशी सोडायला? वरचं दूध सुजाता ओकून टाकायची. सासूबाई, भागीरथाबाई, मनाने वाईट नव्हत्या, पण नातीकडे बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"पोरीची हाडं दिसून रायली वं गोपिका. परीक्षा पुढच्या साली बी येते. पोरगी येते का?"

नवरा विश्वनाथ भिंतीकडे बघत राहायचा. शेवटी ठरलं, की पुढच्या वेळी काट्यावर पोरीचं वजन वाढलं नाही तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची.

हे ठरलं त्याच दुपारी लायब्ररीत तिच्या डोळ्यांपुढच्या ओळी पोहायला लागल्या. ग्रंथपाल यमुताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काहून रडून रायली वं? पेपरात अख्खा कायदा नाई विचारत. आधी डायजेस्टात, निकालांच्या सारांशात, विषय पाहा, मग त्याच निकालाचा खंड काढ. सगळी कपाटं उपसशीन तर कपाटातच म्हातारी होशीन." त्यांनी तिच्या लेखाला लागणारे खंड काढून तिच्या हातात ठेवले. "आन् इथं नको बसू. मागच्या कोपऱ्यात जाय. लेकुरवाळ्या तिथंच बसतात."

कोपऱ्यात उंच कपाटांमध्ये एक टेबल होतं. पहिला निकाल अर्धा वाचून झाला आणि गोपिकेच्या छातीत कळ आली. ओळखीची कळ, बाळ रडलं की येते ती. बाळ तर इंदोऱ्यात होतं, आणि इथे पंख्याच्या कुरकुरीशिवाय आवाज नव्हता. तिने पदराखाली हात घातला. ब्लाउज चिंब होता.

लाजत लाजत तिने यमुताईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"उद्यापासून पोरीले घेऊन ये. मी काई बोलत नाई. पन एकाच बाजूनं पाज. दुसरी राहू दे."

"काहून?"

"राहू दे म्हनलं ना." आणि त्या खंडांवरची धूळ झटकत राहिल्या.

असेल बायकांची काही समजूत, म्हणून गोपिकेने ते मानलं. उजवीकडे सुजाता पोटभर प्यायची आणि टेबलाशेजारी दुपट्यावर गाढ झोपायची. काट्याने वजन वाढलेलं दाखवलं. भागीरथाबाईंनी माळ्याचा विषय सोडला. लेख पुरा होऊन कॉलेजात गेला. डावी बाजू दुपारभर भरून ठणकायची, पण लायब्ररीतून निघेपर्यंत हलकी झालेली असायची. ब्लाउज मात्र कोरडा. गोपिका बारीक नजरेची बाई. हे तिच्या ध्यानात आलं होतं. ध्यानात आलं, आणि तिने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी उजवीकडचं संपलं तरी सुजाता चोखत राहिली. गोपिकेने तिला डावीकडे घेतलं. आपलंच दूध, आपलीच लेक.

सुजाताने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. रडली नाही. आईच्या कोपराजवळ काहीतरी असावं तशी तिकडे टक लावून पाहत राहिली.

वाळ्याचा वास येईनासा झाला होता.

गोपिकेला दोन्ही बाजू सैल पडल्यासारख्या वाटल्या. तिने दाबून पाहिलं. थेंब आला नाही.

"यमुताई," तिने हाक मारली. हाक कपाटांपलीकडे गेली असं वाटलं नाही.

उद्या पेपर होता. लेक भुकेली होती. घरी माळा पुस्तकांसाठी रिकामाच होता.

तिने सुजाताला दुपट्यावर निजवलं. ताठ बसली. डावीकडचा पदर सैल केला आणि अगदी हळू म्हणाली, "ये वं माय."

कळ आली.

मांडीवर ऊब आली, मग वजन.

तिने खाली पाहिलं नाही. समोरचा परिच्छेद वाचला. त्याच्या पुढचा वाचला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते भीतीचं नव्हतं. वाचलेलं सगळं डोक्यात बसत होतं.

मग तिने सुजाताला उचलून उजवीकडे लावलं. दूध पुन्हा आलं होतं.

दिवेलागणीला घरी नातीचे गाल कुरवाळत भागीरथाबाई म्हणाल्या, "भरून आली पोरगी. जाय, आंघोळ कर. उद्या ताजी होऊन पेपर लिव्ह. पोरीले मी सांभाळतो."

सासूबाईंच्या तोंडून हे पहिल्यांदाच येत होतं. कित्येक महिन्यांत गोपिकेला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. न्हाणीत तिने पाण्याचा तांब्या अंगावर घेतला आणि डावीकडे झोंबलं, म्हणून वाकून पाहिलं.

दातांच्या बारीक खुणा होत्या, वर दोन आणि खाली दोन.

सुजाताला अजून एकही दात आला नव्हता.