आराम करून थकलेला ओमेश

"ओमेशभाऊ, बॉल आला! मारा!"

टिंकू बेंबीच्या देठापासून ओरडला. मैदानाबाहेर गेलेला फुटबॉल घरंगळत थेट ओमेशच्या पायाशी येऊन थांबला होता.

आता हा ओमेश म्हणजे दवनीवाड्याच्या टीमचा हुकमी एक्का. त्याची किक कशी? तर मागच्या वर्षी त्यानं मारलेला बॉल जो उडाला, तो बोदलकशाच्या तलावात जाऊन पडला. अशी लाट उठली म्हणता, की काठावरच्या लोकांना महिन्याभराची मासळी जाळं न टाकताच मिळाली! सांगणाऱ्यांपैकी तिथे हजर कुणीच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पण आज ओमेशनं पाय लावला आणि बॉल हातभर सरकून बसून राहिला. ओमेश पुन्हा खुर्चीत रेलला आणि घोरायला लागला!

नीतूच्या कपाळाला आठी पडली. नीतू बारा वर्षांची, टिंकू तिचा धाकटा भाऊ. दोघं उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाहून मामाकडे आले होते. मामा म्हणजे टीमचे कोच भैय्यालाल. शेतीतून वेळ मिळाला की ते मोबाइलवर परदेशातले सामने बघत आणि तिथली अक्कल गावात आणत.

"तिकडे मोठमोठ्या टीमा सीझन संपत आला की स्टार प्लेयरले बसवून ठेवतात," त्यांनी सगळ्यांना समजावलं होतं. "आपण फायनलमंदी पोचलोच आहो. मंग लीगच्या उरलेल्या मॅचीत ओमेशले कायले दमवायचं? आराम करू दे!"

एवढ्यावर थांबले असते तर ते भैय्यालाल कसले? त्यांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगून टाकलं, "ओमेश आता फायनलपर्यंत आराम करेल हो!"

आणि फायनल साधीसुधी नव्हती. तिरोड्याला होती, आणि ती पाहायला नागपूरच्या एका अकादमीच्या मॅडम येणार होत्या. ओमेश त्यांना आवडला तर राहणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथेच. नाही आवडला तर पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता. ही एकच संधी!

"चेतना, त्याच्या केसात बघ," नीतू कुजबुजली. चेतना तिची मामेबहीण. "भुसा आहे. आणि हाताला फोड आलेत! आराम करणाऱ्याच्या हाताला फोड येतात?"

"समोरच्या टीमनं औषध चारलं!" टिंकूचे डोळे चमकले. "मी टीव्हीवर पाहिलं हाये!"

"औषधानं केसात भुसा उगवते का बे?" चेतना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं ओमेशच्या घरासमोरच्या धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगामागे दबा धरून बसले. टिंकूला शिंक आली की नीतू त्याचं नाक दाबायची.

पहिले आले मंडपवाले मनिराम. "ओमेश, आरामच करून राहिला ना? मंग चाल जरा, लगनाचे बांबू उतरवू लाग."

ओमेश गेला. परत येऊन खाटेवर टेकतो न टेकतो, तर धानाचे व्यापारी बकाराम हजर! "का गा ओमेश, रिकामाच आहेस ना? चार पोती ट्रॅक्टरवर टाकून दे."

त्यांची चार पोती म्हणजे ट्रॅक्टर भरेपर्यंत. ओमेश वाकून, लंगडत परतला. तोच तिसरी हाक आली. तिघांनी तणसातून मुंड्या वर काढल्या आणि चेतनानं कपाळावर हात मारला. प्रत्यक्ष कोच!

"ओमेश, बाप्पा, आराम चालू आहे ना?" भैय्यालाल प्रेमानं म्हणाले. "मंग मोटर काढू लाग विहिरीतून. दोन मिनिटाचं काम हाये."

"बाबाच!" चेतना पुटपुटली. "माय वो, बाबाच!"

"विलायतेत आराम म्हणजे आराम," नीतू म्हणाली. "आणि आपल्या गावात आराम म्हणजे माणूस रिकामा! त्यात भोंग्यावरून जाहिरात!"

ओमेश परतल्यावर तिघांनी त्याला गाठलं. "नाही म्हणत जा ना, भाऊ!"

"कसं म्हणू वो?" ओमेशनं पाय दाबत विचारलं. "कप यायच्या आधीच पोट्टा फुगला म्हणतील."

नीतूनं सरळ मामालाच सांगून पाहिलं. भैय्यालाल खो खो हसले. "बकारामचं काम भारी, ते बंद करायले पाहिजे. माझी मोटर काय, फुलासारखी!" बकारामना विचारलं, तर त्यांना बांबू भारी वाटत होते. मनिरामना मोटर!

"हे मोठे लोक ऐकणार नाहीत," टिंकू हिरमुसला. "फायनल जवळ आली."

चेतना एकदम उभी राहिली. "मागं माझ्या लहान बहिणीले माता आली होती. अंगभर कांजिण्यांचे फोड. आईनं दाराले कडुलिंबाचा डहाळा लावला, तर घरात कोणी पाय ठेवला नाही. कोणी जोरात बोललंसुद्धा नाही!"

तिघं धावत ओमेशच्या आईकडे, शकुंतलाबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. बेत ऐकून त्यांनी सूपच खाली ठेवलं.

"देवीच्या नावानं खोटं बोलू? नाही वो पोरी!"

"खोटं कुणी बोलायचंच नाही, मावशी," नीतू घाईनं म्हणाली. "लिंबानं मच्छर पळतात की नाही?"

"पळतात."

"तुमच्याकडे मच्छर आहेत की नाही?"

"उचलून नेतील एवढे!"

"मग डहाळा मच्छरांसाठी! लोकांनी काय समजायचं ते समजोत."

शकुंतलाबाईंनी आत झोपलेल्या लेकाकडे पाहिलं. त्याचे सुजलेले पाय खाटेबाहेर लोंबत होते. "जरा मोठाच डहाळा आणा," त्या म्हणाल्या.

काय सांगावं त्या डहाळ्याचा महिमा! मनिराम हाक मारायला तोंड उघडून आले आणि तसेच, उघड्या तोंडानं परत गेले. बकाराम रस्त्यापलीकडून हात जोडून पसार झाले. गल्लीतली कुत्री म्हणे भुंकायच्या आधी विचार करू लागली! ओमेश खात होता, झोपत होता, आतल्या अंगणात चालत होता.

भैय्यालाल मात्र डोकं धरून बसले. "गेली फायनल! आता याले कसं खेळवू?"

फायनलच्या दिवशी तिघं खरं सांगायला पोचायच्या आतच टीमची ट्रॉली ओमेशला न घेता निघून गेली!

"आता?" टिंकूचा चेहरा पडला. "तिरोडा काय जवळ आहे?"

नीतू रस्त्याकडे धावली. मच्छरांची युक्ती तिचीच होती. आता ओमेशची संधी हुकली तर ती तिच्याचमुळे! तेवढ्यात मनिरामची पिकअप दिसली. तिरोड्याच्या लग्नाला भांडी निघाली होती.

"मनिराम काका, आम्हाला फायनलला सोडता का?" नीतूनं त्यांना बोलण्यात गुंतवलं. मागे चेतना आणि टिंकूनं ओमेशला सर्वांत मोठ्या कढईत बसवलं आणि वरून मंडपाचं कापड ओढलं. त्या कढईत म्हणे अर्ध्या तालुक्याची भाजी शिजायची. ओमेश तर त्यात पाय ताणून चक्क झोपला!

मैदानावर पोहोचले तेव्हा मध्यांतर झालं होतं. दवनीवाडा एका गोलनं मागे. भैय्यालाल नखं कुरतडत होते. मनिराम भांडी मोजायला मागे आले आणि कढईतून उभा राहिला ओमेश!

"आई गं! माता!" मनिराम चार हात मागे उडाले.

"दूर राहा त्याच्यापासून!" भैय्यालाल धावत आले.

"माता आली असं कोण म्हटलं, मामा?" नीतूनं विचारलं.

"दाराले लिंब होता ना!"

"मच्छर लय झाले होते, मामा."

भैय्यालालनी ओमेशचे हात पाहिले, चेहरा पाहिला. एकही फोड नाही. उलट गाल टमाटरासारखे! ते बघतच राहिले. मग एकदम गरजले, "कपडे बदल बे! लवकर!" मन होईना म्हणून त्यांनी त्याचं नाव यादीतून काढलंच नव्हतं.

आणि मग ओमेश खेळला! पहिला गोल असा, की गोलकीपर डावीकडे झेपावला तेव्हा बॉल जाळ्यात विसावलेला होता. दुसऱ्या गोलच्या वेळी जाळंच फाटलं. टिंकू तर सांगतो, की बॉलच्या वाऱ्यानं रेफ्रीची टोपी पार स्टेशनात जाऊन पडली!

सामना संपला. मॅडम सरळ ओमेशकडे आल्या. "पुढच्या महिन्यात नागपूरला ये. आईशी मी बोलते." नीतूला एकदम रडूच आलं.

मॅडम भैय्यालालकडे वळल्या. "सीझनच्या शेवटी खेळाडू इतका ताजा? आराम कसा दिलात याला?"

भैय्यालालनी सामना पाहायला आलेल्या बकारामकडे पाहिलं. बकारामनी मनिरामकडे. मनिराम कढई पुसू लागले.

"मॅडम, आम्ही आराम फक्त भोंग्यावरून दिला," भैय्यालाल कान पकडत म्हणाले. "खरा आराम दिला या तीन पोट्ट्यांनी. आमच्यापासून वाचवला त्याले! आमच्यापेक्षा शहाणे निघाले."

"शाबास!" मॅडमनी तिघांशी हात मिळवले.

परतताना ट्रॉलीत कप मधोमध होता. वाजतगाजत जायचा बेत होता. पण तिरोडा सुटायच्या आतच नीतू चेतनाच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली.

"वाजव बे!" कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" भैय्यालाल दबक्या आवाजात डाफरले. "पोट्टी झोपली हाये. आराम करू द्या तिले!"

तर अशी ती विजयी मिरवणूक, ना ढोल ना घोषणा, गावागावांतून चिडीचूप निघाली. वाटेतले लोक हळहळत म्हणाले, "हरले वाटते बिचारे!"

आणि ट्रॉलीतले सगळे तोंडावर हात दाबून हसत राहिले.