'अव्याहत'ला वाक्य हवं

नळ फुटला तो नेमका 'अ'च्या कपाटावर. शब्दकोशाच्या कचेरीत त्या सकाळी नुसती तारांबळ उडाली. नळदुरुस्तीवाला आत आला तेव्हा तिथली तरुण संपादिका शब्दांची ओली कार्डं दोरीवर चिमटे लावून वाळत घालत होती.

"अखंड गळतंय की हे," तो वर बघत म्हणाला.

"अखंड नाही. थांबून थांबून गळतंय... मध्ये खंड पडतोय. सारखं गळतंय म्हणा."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "काहीही म्हणा, बादली भरायची ती भरतेच."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

सगळेच नळ जुने निघाले, त्यामुळे काम तीन आठवडे लांबलं. तिच्याकडे तेव्हा न संपणाऱ्या गोष्टींचे शब्द होते: अनंत, अखंड, अविरत, निरंतर. कोशाचा एक हट्ट होता. प्रत्येक शब्दाला कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं वाक्य हवं, तेही आपसूक निघालेलं. मागून घेतलेलं वाक्य बाद. आणि हा गडी तर रोज संध्याकाळी दहा घरांच्या स्वयंपाकघरांत शिरायचा. सकाळी येताना काहीतरी ऐकून यायचाच.

"एक आजी म्हणाल्या, नातवाचे अनंत उपद्व्याप आहेत."

"म्हणजे मोजता न येणारे. आजींचं बरोबर आहे."

"आणि एक बाई म्हणाल्या, आमचे हे अखंड घोरतात."

"घोरणारा श्वास घ्यायला तरी थांबतोच ना."

"बाईंना तसं वाटत नाही हो..."

ती खळखळून हसली. त्याची यायची वेळ झाली की तिची नजर दाराकडे जाऊ लागली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

घोडं अडलं ते 'अव्याहत'पाशी. शुक्रवारी पाचला पहिला खंड छापायला जायचा होता. तोवर वाक्य मिळालं नाही तर शब्द गाळायचा, असं मुख्य संपादकांनी, म्हणजे सगळ्यांच्या काकांनी, बजावलं होतं. गुरुवारी न राहवून तिनं नळवाल्याला शब्द सांगून टाकला.

"अर्थ काय त्याचा?"

"कशाचीही आडकाठी न मानता चालूच राहणारं."

"सोपं आहे की. मी म्हणतो एक वाक्य—"

"आता नाही चालणार. मी शब्द सांगून बसले ना... तुम्ही बाद."

"मला खरंच काही म्हणायचं असलं, तरी?"

तिनं उगाच कार्डं सारखी केली. "तरी."

शुक्रवारी पावणेपाचला त्यानं पिशवी बांधली.

"झालं काम. सोमवारपासून येणं नाही." तो दारात रेंगाळला. "तुमच्या शब्दाचं काय?"

"गेला." शब्दाचं तिला वाईट वाटतच होतं, पण खरं वाईट कशाचं वाटतंय, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"माझ्यामुळे गेला. मला सांगितलं नसतं तर—"

"जाऊ दे तो शब्द! कामात असो, जेवताना असो... तीन आठवडे माझ्या डोक्यात अव्याहत तुमचाच विचार चाललाय, आणि तुम्ही खुशाल सांगताय, येणं नाही म्हणून..."

कचेरीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कपाटाआडून काका बाहेर आले.

"मी ऐकलं," ते म्हणाले. "आणि हे कुणी मागून घेतलेलं नव्हतं."

"पण काका, मी तर इथलीच..."

"ऐकणारा मी आहे. बोलणाऱ्यानं कुठं नोकरी करावी, याचा नियम नाही." काकांनी कार्ड ओढलं, झरझर लिहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. 'अव्याहत' वाचला होता.

नळवाल्यानं पिशवी खाली ठेवली. "काका, माझंही लिहून घ्या. तो शब्द सोडून म्हणतो. या मला पहिल्याच दिवशी आवडल्या. लग्न करेन तर यांच्याशीच."

"आणि हे मी कोणत्या शब्दाखाली घालू?" काकांनी लेखणी उचलून विचारलं.

"कुठंच नको," ती म्हणाली. "हे माझं आहे." आणि सगळ्या कचेरीदेखत तिनं त्याचा हात धरला.